उणे चार गाड्या

उणे चार. मुलांच्या मिनी प्रोजेक्टच्या कच्च्या अहवालात ‘रांगेतील सरासरी वाहने’ या ओळीपुढे आधी हा आकडा होता. मग उणे चिन्हावर व्हाइटनर फिरवून नुसते चार ठेवले होते. कागद उजेडाकडे धरला की चिन्ह स्पष्ट दिसायचं. साखर कारखान्याच्या ज्या गाडीतळाबद्दल हा अहवाल होता, तिथं याच मुलांनी आठवड्यापूर्वी रात्री नऊ वाजता शंभरावर वाहनं उभी असलेली स्वतः मोजली होती.

मी रागावले नाही, कारण चूक निम्मी माझी होती. इंजिनिअरिंगच्या मुलांना व्यवस्थापनशास्त्र शिकवताना आपण काय गाळतो, ते मला त्या खोडलेल्या चिन्हात दिसलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. कॉलेजचं आणि साखर कारखान्याचं नाव देत नाही. हिशेब डोळ्यासमोर राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

विषय आणि वर्ग

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणितानं तपासण्याचं शास्त्र, हा आमच्याकडे इलेक्टिव्ह आहे. मुलं तो घेतात, कारण तो ‘स्कोअरिंग’ म्हणून प्रसिद्ध आहे. सिम्प्लेक्सचे तक्ते, वाहतुकीच्या गणितात व्होगेल आणि पुढं मोडी, असाइनमेंटला हंगेरियन पद्धत, प्रकल्पाला पर्ट-सीपीएम, रांगांचं एक युनिट. सूत्र ठरलेलं, पायऱ्या ठरलेल्या, पायरीगणिक मार्क ठरलेले. पहिल्या युनिटात ‘समस्येची मांडणी’ म्हणून दीडेक पान असतं. त्यावर मोठा प्रश्न कधी येत नाही, म्हणून अनेक वर्षं मी ते पंधरा मिनिटांत उरकत आले.

ज्यातून हा विषय उभा राहिला, त्यात ते दीड पानच मुख्य होतं. १९४० मध्ये ब्रिटनच्या विमानवेधी तोफदळासाठी पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञानं जो गट जमवला, त्यात गणिती होते तसे शरीरक्रियाशास्त्रज्ञही होते, एक सर्व्हेअरही होता. नेमकं अडतंय कुठं आणि सुधारणा मोजायची कशानं, हे आधी ठरवणं हे त्यांचं काम होतं. आमच्या मुलांना अडचण छापून मिळते, आकडे छापून मिळतात, आणि ‘सरासरी प्रतीक्षाकाळ काढा’ ही आज्ञाही छापून मिळते.

त्या वर्षी सहा जणांच्या एका गटानं विषय निवडला ‘कारखान्याच्या गाडीतळावरील रांग’. गटात चार मुलगे, दोन मुली. त्यातल्या एकीच्या घरचा ऊस याच कारखान्याला जातो.

गाडीतळ

कारखान्याची गाळपक्षमता दिवसाला २५०० टन, म्हणजे तासाला साधारण १०४ टन. हंगामात मिल चोवीस तास चालते. ऊस येतो तीन तऱ्हेनं: ट्रक, दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आणि बैलांची टायरगाडी. फाटकावर नंबर मिळतो. मग तळावर थांबायचं. नंबर आला की भरलेली गाडी काट्यावर, तिथून गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलमध्ये नेणाऱ्या पट्ट्यावर, क्रेननं मोळ्या उचलल्या की रिकाम्या गाडीचं वजन, आणि बाहेर. वजन थांबून झाल्यावर होतं, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. रांगेत ऊस जेवढा वाळेल तेवढं वजन शेतकऱ्याचं घटतं. शिवाय तोडलेल्या उसातली साखर तासागणिक मोडत जाते, तो तोटा कारखान्याचा.

गटानं सकाळी दहा ते रात्री दहा अशी बारा तासांची नोंद केली. दहाला का थांबले, तर वसतिगृहाचं फाटक बंद होतं म्हणून. तासाला सुमारे २२ वाहनं येताना दिसली, ११ रिकामी होताना दिसली. हे दोन आकडे त्यांनी एम-एम-वन, म्हणजे सेवा देणारा एकच असलेल्या साध्या रांगेच्या सूत्रात घातले. येण्याच्या वेगाचा वर्ग, भागिले सेवेचा वेग गुणिले दोन वेगांतली वजाबाकी. ४८४ भागिले उणे १२१. उत्तर उणे चार.

सूत्राच्या वरच्याच ओळीत अट छापलेली असते: येण्याचा वेग सेवेच्या वेगापेक्षा कमी हवा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग या गणितज्ञानं १९०९ मध्ये फोनच्या कॉल्सचा अभ्यास केला, त्याच वाटेनं पुढं ही सूत्रं आली. येण्याचा वेग तासन् तास तोच राहतो आणि सेवा त्याहून जलद आहे, असं ती धरून चालतात. गाडीतळावर दिवसा आवक क्षमतेच्या दुप्पट असते आणि रात्री जवळजवळ शून्य. मुलांना अट पाठ होती. पण वर्गातल्या प्रत्येक गणितात ती आपोआप पाळलेली असते, त्यामुळं ती तपासायची असते हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं. तशी गणितं मीच निवडून देत होते.

शेतकी अधिकाऱ्यांचा प्रश्न

अहवाल दुरुस्त करून गट कारखान्यावर गेला, मीही गेले. त्यांची शिफारस होती: गव्हाणीवर आणखी एक क्रेन लावा. शेतकी अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दुसरी क्रेन लावली तर रांग निम्मी होईल, साहेब.”

“होऊ दे. आणि पहाटे चारला मी काय गाळू?”

कोणी काही बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं. टोळ्या दिवसा तोडतात, रात्री फडात कोयता चालत नाही. मिल मात्र रात्रभर ऊस मागते. “तुम्हाला ती रांग दिसते. माझा तो रात्रीचा साठा आहे. पहाटे तळ रिकामा झाला की मिल थांबते, आणि थांबलेली मिल परत लायनीवर आणणं म्हणजे काय असतं, ते बॉयलरवाल्यांना विचारा.”

अडसर क्रेनचा नव्हताच. गव्हाणीला ऊस कितीही लवकर दिला तरी मिल तासाला १०४ टनच खाणार. मुलांनी रांग म्हणजे दोष असं धरलं होतं, कारण पुस्तकातल्या प्रत्येक रांगेत ती कमी करायची असते.

परत आल्यावर वर्गात सूत्र बाजूला ठेवलं आणि आलेखाचा कागद घेतला. आडव्या अक्षावर सकाळी दहापासूनचे चोवीस तास, उभ्या अक्षावर टन. एक रेघ आलेल्या उसाची: बारा तास तासाला २०८ टनांनी चढते, मग सपाट. दुसरी गाळलेल्या उसाची: चोवीस तास १०४ टनांच्या एकाच चढानं. दोन्ही रेघा सकाळी दहाला एकत्र निघतात आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा भेटतात. मधला त्रिकोण म्हणजे गाडीतळ.

या त्रिकोणात उभं अंतर म्हणजे त्या क्षणी तळावर किती टन आहे. रात्री दहाला ते सर्वाधिक, १२५० टन. आडवं अंतर म्हणजे त्या वेळी आलेल्या गाडीला किती थांबावं लागणार. आकडे इतके जुळून आले की मुलं हरखली. सकाळी दहानंतर जितक्या तासांनी याल, तितकेच तास थांबाल. दुपारी दोनला आलेला चार तास, रात्री आठला आलेला दहा तास, दहाला आलेला बारा. चोवीस तासांची सरासरी धरली तर तळावर ६२५ टन आणि प्रतीक्षा सहा तास. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथं पडताळून पाहता येतो. साठा भागिले वेग म्हणजे वेळ: ६२५ भागिले १०४, सहा तास. रांग कोणत्या प्रकारची, येणं कसं, सेवा कशी, असलं काहीही हा नियम विचारत नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे काहीही केलं तरी सहा तास?” आवक याच बारा तासांत येत असेल तर हो. ती अठरा तासांवर पसरली तर त्रिकोण चपटा होतो, सर्वाधिक साठा ६२५ टनांवर आणि सरासरी प्रतीक्षा तीन तासांवर येते. वर्गात लगेच उत्तर आलं: रात्री तोडणी करा. हार्वेस्टरला दिवे लावून ते होईलही. पण टोळीतल्या बाईनं अंधारात, सापाकिरडाच्या फडात कोयता चालवावा असं आलेखाकडं बघून म्हणायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं आणि ती सूचना फक्त यंत्रापुरती ठेवली.

दुसरी रात्र

वसतिगृहाची परवानगी काढून आम्ही एक रात्र तळावर काढली. जानेवारीची थंडी होती. ट्रॅक्टरवाले ट्रॉलीखाली गोधडी पसरून झोपलेले. टायरगाड्यांची जुवं उतरवलेली, बैल वाढं खात उभे. एका गाडीच्या आडोशाला एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, घर बीडकडं, हंगामापुरती कोपी, म्हणजे झोपडी, कारखान्याजवळ. पहाटेपासून ऊस तोडून, गाडी भरून ती दोघं संध्याकाळी इथं पोचली होती आणि उजाडायच्या आत पुन्हा फडात जायची होती.

गटातल्या एका मुलीच्या हातातलं पॅड बघून त्या बाईनं विचारलं, “ताई, आमचा लंबर कवा लागंल, तेवढं सांगता येतं का?”

आमच्याकडं सरासरी होती. तिला तिच्या गाडीची वेळ हवी होती. त्रिकोणावरून ती सांगता येत होती, आणि आठच्या सुमाराला आलेल्या गाडीसाठी ती होती सकाळचे सहा. मुलीनं ती सांगितली. बाई काही बोलली नाही, पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पहाटे चहा पिताना त्या मुलीनंच प्रश्न काढला. “मॅडम, आपण सगळं टनात मोजतोय. ट्रॅक्टरच्या १६ टनांमागं एक ड्रायव्हर थांबतो. या अडीच टनांमागं दोन माणसं, एक लेकरू आणि दोन बैल थांबतात.”

हा प्रश्न कुठल्याही सूत्रातून निघत नाही. गटाच्या अहवालातली पुढची सगळी चांगली पानं मात्र यातून निघाली.

टन-तास आणि गाडी-तास

रोजच्या २५०० टनांत टायरगाड्यांचा वाटा ३०० टन, गाडीला अडीच टन धरले तर १२० गाड्या. त्या बहुतेक संध्याकाळी पाच ते नऊमध्ये येतात. आल्या क्रमानं सोडलं तर त्यांना सरासरी नऊ तास थांबावं लागतं. संध्याकाळी फक्त त्यांनाच आधी घेतलं तर? त्या तासाला ७५ टनांनी येतात, मिल १०४ टन घेते. म्हणजे आल्या आल्या गव्हाणीवर.

कारखान्याचा तोटा किती? मिल त्याच वेगानं चालते, त्रिकोण तोच राहतो, तळावरचे एकूण टन-तास (टन गुणिले थांबलेले तास) तेच राहतात. गाड्यांचे वाचलेले २७०० टन-तास उरलेल्या २२०० टनांवर वाटले जातात, म्हणजे सरासरी सव्वा तास जास्त. सगळा ऊस मिळून शिळेपणा आधी होता तेवढाच.

आता हेच वाहनांत मोजू. १२० गाड्यांचे नऊ तास वाचले: १०८० गाडी-तास. ट्रक-ट्रॅक्टर मिळून साधारण १४०, त्यांचे सव्वा तास वाढले: १७५ वाहन-तास. टनात मोजलं तर काहीच घडत नाही. वाहनांत मोजलं तर मोठा फायदा. माणसांत मोजलं तर त्याहून मोठा.

यात नवीन काही नाही. छोटं काम आधी उरका, म्हणजे थांबणाऱ्यांची संख्या कमी राहते, हे अनुक्रमाच्या, म्हणजे कामं कोणत्या क्रमानं घ्यायची त्या युनिटात असतंच. प्रत्येक कामाला महत्त्व वेगळं असेल तर महत्त्व भागिले लागणारा वेळ ज्याचं जास्त ते आधी, या क्रमानं घ्या, हे डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्ये दाखवलं. मुलांनी लेथ आणि मिलिंग मशीनवरच्या जॉब्सची ही गणितं डझनानं सोडवली होती. बैलगाडी हाही एक जॉब आहे हे कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण रांगांचं युनिट वेगळं, अनुक्रमाचं वेगळं, आणि परीक्षेत ती एकमेकांना भेटत नाहीत. स्मिथ यांच्या नियमातलं ‘महत्त्व’ कोणी ठरवायचं, हे गणित सांगत नाही. ते गटानं त्या पहाटे ठरवलं, आणि अहवालात स्पष्ट लिहिलं की हा आमचा निवाडा आहे, निष्कर्ष नाही. त्या वाक्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले.

आक्षेप

शेतकी अधिकाऱ्यांना हिशेब पटला. गाड्यांची रांग पूर्वी वेगळी असायची, गर्दीत ती मोडली, असं ते म्हणाले. पण ट्रॅक्टरवाल्या कंत्राटदारांचा मुद्दा खरा होता. त्यांची कमाई खेपेवर असते. सव्वा तास ही सरासरी आहे. दुपारी लवकर येणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, संध्याकाळच्या तोंडावर येणाऱ्याला तीन तासही वाढू शकतात, आणि त्याची दुसरी खेप बुडते. सरासरीत हा माणूस दिसत नाही.

त्यावर उपाय निघाला जादा ट्रॉल्यांचा. भरलेल्या दोन ट्रॉल्या तळावर सोडायच्या, रिकाम्या दोन लावून ट्रॅक्टरनं फडात परत जायचं. मग रात्रीचा साठा ट्रॉल्यांवर राहतो, माणूस आणि इंजिन मोकळं होतं. विचार चांगला आहे, पण जादा ट्रॉल्यांचे पैसे कोणी घालायचे यावर गाडी अडली आणि हे लिहीपर्यंत तिथंच आहे.

दुसरा आक्षेप गटातूनच आला. जिच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, तिनं विचारलं, “माझ्या वडलांचा ऊस ट्रॅक्टरनं येतो. तो आता सव्वा तास जास्त वाळणार. वजन त्यांचं घटणार.” बरोबर होतं. टन-तास तेच राहतात म्हणजे कारखान्याचा तोटा तोच राहतो, शेतकऱ्या-शेतकऱ्यांत मात्र तो सरकतो. फाटकावर पोचल्याबरोबर वजन केलं तर हा प्रश्न मिटतो, पण मग वाळण्याचा भार कारखान्यावर जातो, आणि त्याला कारखाना तयार नव्हता. तिनं हा मुद्दा अहवालात ‘न सुटलेलं’ या मथळ्याखाली घातला. बाकीचे म्हणत होते, मार्क जातील, काढून टाक. तिनं काढला नाही.

अभ्यासक्रमात काय बदललं

विद्यापीठाचा पेपर मी बदलू शकत नाही. अंतर्गत २५ गुण माझ्या हातात आहेत. त्यातले १० आता एका पानाला आहेत, आणि त्या पानावर सूत्र लिहायला परवानगी नाही. काय मोजणार, कोणत्या एककात, कोणाचं, आणि किती वाजेपर्यंत थांबून मोजलं, एवढंच लिहायचं. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकूर केली. शिवाय रांगांच्या युनिटात मी आता दोन गणितं मुद्दाम अशी देते की ज्यांत सूत्र लागू पडत नाही. काही जण अजूनही उत्तर काढतातच.

पुण्यात वाढलेल्या आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये रेषीय नियोजनाची (मर्यादा पाळून उद्दिष्ट जास्तीत जास्त साधण्याच्या गणिताची) जी पद्धत दिली, ती मी शेवटच्या आठवड्यात सांगते. मुलांना अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण प्रचंड मोठी गणितं झपाट्यानं सोडवणारी ती पद्धतसुद्धा, तिच्या हाती उद्दिष्ट म्हणून टन-तास दिले तर टन-तासच कमी करेल, हेही मी त्याच तासाला सांगते.

फाटकावरचा फळा

कारखान्यानं दोन गोष्टी केल्या. रात्री नऊपर्यंत टायरगाड्यांसाठी वेगळी रांग परत सुरू केली. आणि फाटकावर एक फळा लावला.

फळ्याची कल्पना त्या बाईच्या प्रश्नातून आली. गटानं साधा तक्ता बनवला: तळावर एवढे टन असतील तर तुमचा नंबर साधारण इतक्या वाजता. पहारेकऱ्यानं दर तासाला चालू नंबर आणि पुढची वेळ खडूनं लिहायची. यात रांग एका गाडीनंही कमी होत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो, तेव्हा मिलमध्ये बिघाड होऊन गाळप तीन तास बंद होतं. मुलं घाबरली, कारण तक्त्यातल्या सगळ्या वेळा आता खोट्या. रात्री साडेअकराला फाटकावर पोचलो, तर पहारेकरी स्टुलावर उभा राहून फळा पुसत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळेत तीन मिळवून तो नव्यानं लिहीत होता: दोनच्या जागी पाच, तीनच्या जागी सहा. खाली उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आपला नंबर शोधला, सहा वाचलं, मोबाइलवर साडेपाचचा गजर लावला आणि गोधडी काढायला ट्रॉलीकडं गेला.